विश्लेषण : शंभर हिरव्या रोपांत एखादेच पांढरे का उगवते? घरच्या ट्रेमधले ‘अल्बिनो’ निवडुंग जगवता येते का?

बाल्कनीतल्या ट्रेमध्ये निवडुंगाचे बी पेरले जाते. आठ-दहा दिवसांत मोहरीएवढे हिरवे मणी वर येतात. त्या गर्दीत एकच मणी गुलाबी किंवा पिवळाधमक असतो. त्याचा फोटो लगेच ग्रुपवर जातो, ‘हे काय निघालं?’ अशी विचारणा होते. आणि दोन-चार आठवड्यांत ते रोप वितळल्यासारखे नाहीसे होते. पाणी जास्त झाले की ऊन लागले, असा प्रश्न पडतो. अनेकदा या दोन्हींचा दोष नसतो. त्या रोपाकडे अन्न तयार करण्याची सोयच नव्हती. बियांत होती तेवढी शिदोरी संपली आणि रोपही संपले.

अशा रोपाला जगवण्याचा मार्ग आहे, पण त्यासाठी फार थोडे दिवस हातात असतात. रंगहीन आणि पट्टेरी म्हणजे ‘व्हेरिगेटेड’ सक्युलंटची आवड महाराष्ट्रातल्या शहरांतही वाढली आहे. त्यासोबत महागडी खरेदी आणि फसवणूकही आली. त्यामुळे या रंगामागचे विज्ञान आणि घरी करता येण्याजोग्या गोष्टी समजून घेणे उपयोगाचे ठरेल.

अल्बिनो आणि व्हेरिगेटेड यांत फरक काय?

वनस्पतीचा हिरवा रंग हरितद्रव्यामुळे, म्हणजे क्लोरोफिलमुळे येतो. सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर बनवण्याचे काम याच द्रव्यामुळे शक्य होते. ज्या रोपात हे द्रव्य अजिबात नसते ते अल्बिनो. ज्यात काही भाग हिरवा आणि काही भाग पांढरा, पिवळा किंवा गुलाबी असतो ते व्हेरिगेटेड.

दिसायला हा फरक रंगाचा असला, तरी रोपासाठी तो जगण्या-मरण्याचा असतो. व्हेरिगेटेड रोपाचा हिरवा भाग उरलेल्या भागाला पोसतो. घरात एक जण कमावता असला तरी चार जणांचे भागते, तसेच हे आहे. अल्बिनो रोपात मात्र कमावते कुणीच नसते.

मग अल्बिनो रोप गुलाबी किंवा पिवळे का दिसते? हरितद्रव्य असताना इतर रंग त्याखाली झाकलेले असतात. ते नसले की मागचे रंग पुढे येतात. पिवळा-केशरी रंग बहुधा कॅरोटिनॉइड या गटातल्या द्रव्यांचा असतो. निवडुंगातला लाल-गुलाबी रंग बेटालेन या गटाचा. बीट, लाल माठ आणि बोगनवेल यांचा रंगही याच गटातून येतो. लाल माठाची भाजी करताना पातेल्यातले पाणी गुलाबी होते, त्याच कुटुंबातला रंग कलमी निवडुंगाच्या लाल गोळ्यात असतो.

रोप रंगहीन का जन्मते?

याची कारणे मुख्यतः तीन प्रकारची असतात.

पहिले कारण पेशीकेंद्रातील जनुकांतला बदल. हरितद्रव्य तयार होण्यासाठी अनेक जनुके लागतात. त्यांपैकी एखाद्यात बिघाड म्हणजे उत्परिवर्तन झाले आणि आई-वडील दोन्ही झाडांकडून बिघडलेली प्रतच आली, की रोप रंगहीन निघते. अशी आई-वडील झाडे स्वतः मात्र हिरवीगार असू शकतात. एकाच झाडाच्या, स्वपरागीभवनातून आलेल्या बियांत अधूनमधून पांढरी रोपे दिसतात ती बऱ्याचदा यामुळेच. मका, भात आणि लिंबूवर्गीय फळांच्या रोपवाटिकांतही अशी रोपे दिसतात.

दुसरे कारण हरितलवकांतला बदल. हरितद्रव्य ज्या सूक्ष्म पिशव्यांत राहते त्यांना हरितलवक म्हणतात. त्यांचा स्वतःचा वेगळा डीएनए असतो. तिथे बिघाड झाला तर पेशीत चांगले आणि बिघडलेले अशी दोन प्रकारची लवके राहतात. पेशी विभागत जातात तशी ती वेगळी होत जातात. काही पेशींच्या वाट्याला सगळी हिरवी येतात, काहींच्या वाट्याला सगळी रंगहीन. त्यातून पट्टे आणि ठिपके तयार होतात.

तिसरे कारण बाहेरचे. स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके आणि काही तणनाशके हरितलवकांचे काम बंद पाडतात. बियांवर वाढणाऱ्या काही बुरशींच्या विषानेही लिंबूवर्गीय आणि मक्याची रोपे पांढरी निघाल्याची नोंद आहे. लोहाची कमतरता आणि विषाणूंची लागण यांनीही पाने फिकट किंवा चट्टेरी होतात. या बदलांना जनुकीय आधार नसतो. म्हणून कारण दूर झाले की नवी वाढ हिरवी येऊ शकते. विषाणू मात्र झाडात टिकतो आणि शेजारच्या झाडांतही जाऊ शकतो.

गुलबाक्षीने काय शिकवले?

या विषयातला एक महत्त्वाचा धडा आपल्या अंगणातल्या गुलबाक्षीने दिला. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स यांनी १९०९ मध्ये पट्टेरी गुलबाक्षीवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. या झाडावर हिरव्या, पांढऱ्या आणि पट्टेरी अशा तिन्ही फांद्या असतात. पांढऱ्या फांदीवरच्या फुलांतून आलेली रोपे पांढरी निघाली, हिरव्या फांदीवरची हिरवी आणि पट्टेरी फांदीवरची मिश्र. पराग कोणत्या फांदीचा वापरला याने काहीच फरक पडला नाही.

कारण साधे होते. बहुतेक सपुष्प वनस्पतींत हरितलवके बीजांडातून, म्हणजे आईकडूनच पुढे जातात. परागातून ती सहसा येत नाहीत. याच मार्गाला मातृवंशीय वारसा म्हणतात आणि बारावीच्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे उदाहरण परिचयाचे असते. त्याच वर्षी एर्विन बाऊर यांनी जिरेनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पेलार्गोनियमवर काम करून दाखवले, की काही वनस्पतींत दोन्ही पालकांकडूनही लवके येऊ शकतात.

घरी परागीभवन करणाऱ्यांसाठी यातला उपयोगाचा भाग असा : पट्टेरी झाडापासून पट्टेरी रोपे हवी असतील, तर त्या झाडाचा फक्त पराग वापरून भागत नाही. फळ त्याच झाडावर धरू द्यावे आणि शक्यतो रंगीत पट्ट्यातून निघालेल्या फुलाचे बी घ्यावे. तरीही हमी नाही. त्या बियांतली बरीच रोपे पूर्ण हिरवी आणि बरीच पूर्ण रंगहीन निघतात. मधली, स्थिर पट्ट्यांची थोडीच मिळतात.

पट्टे कधी टिकतात, कधी जातात?

झाडाच्या शेंड्यावर सतत विभागणाऱ्या पेशींचे थर असतात. एका थरातल्या पेशी हिरव्या आणि दुसऱ्या थरातल्या रंगहीन असल्या, तर एकाच झाडात दोन प्रकारच्या ऊती शेजारी-शेजारी नांदतात. अशा झाडाला कायमेरा म्हणतात. संपूर्ण थरच वेगळा असेल तर रंगाची रचना टिकाऊ असते. शेंड्याचा एखादाच कोपरा वेगळा असेल तर पट्टा एका बाजूला येतो आणि पुढे हरवू शकतो.

पिवळ्या काठाचे स्नेक प्लांट याचे घरोघरी दिसणारे उदाहरण आहे. त्याच्या पानाचा तुकडा मातीत लावला तर नवे रोप येते, पण ते साधे हिरवे, पिवळ्या काठाशिवाय. पानाच्या तुकड्यातून येणारा नवा शेंडा आतल्या हिरव्या पेशींतून तयार होतो. काठ हवा असेल तर कंदासह पिल्लूच वेगळे करावे लागते. हाच नियम इतर पट्टेरी सक्युलंटना बऱ्याच अंशी लागू होतो. ‘एका पानापासून व्हेरिगेटेड रोप’ असे आश्वासन देणाऱ्या व्हिडीओंकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

हिरवा भाग अन्न जास्त बनवतो, म्हणून तो जास्त जोमाने वाढतो. पट्टेरी झाडावर पूर्ण हिरवी फांदी आली आणि ती राहू दिली, तर काही काळात ती उरलेल्या झाडाला मागे टाकते. अशी फांदी लवकर काढणे हाच उपाय.

बाजारातला लाल गोळा कुठून आला?

हिरव्या त्रिकोणी दांड्यावर बसलेला लाल, पिवळा किंवा केशरी गोळा अनेक नर्सरींत दिसतो. ‘मून कॅक्टस’ या नावाने तो विकला जातो. तो प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या निवडुंगांचा जोड आहे. वरचा गोळा जिम्नोकॅलिशियम मिहानोविची या दक्षिण अमेरिकेतील निवडुंगाचा रंगहीन प्रकार, आणि खालचा दांडा बहुधा ड्रॅगन फ्रूटच्या जातीचा.

१९४१ मध्ये जपानमध्ये ईजी वातानाबे यांच्या रोपवाटिकेत हजारो रोपांमध्ये मोजकी लाल रोपे उगवली. ती हिरव्या निवडुंगावर कलम करून वाचवण्यात आली आणि त्यांच्या पिल्लांपासून पुढे वाण वाढवला गेला. जपानीत त्याला ‘हिबोतान’ म्हणतात, म्हणजे शेंदरी पिओनीचे फूल. पट्टेरी निवडुंगांच्या नावापुढे लागणारा ‘निशिकी’ हा शब्दही जपानी. त्याचा अर्थ जरतारी कापड. आज दक्षिण कोरियात अशा कलमी निवडुंगांचे मोठे उत्पादन होते आणि तेथून ते जगभर जातात.

थोडक्यात, आज लाखो घरांत असलेला हा लाल गोळा मुळात ट्रेमधले एक मरू घातलेले रोप होता. ते कुणाच्या तरी वेळेवर लक्षात आले, एवढाच फरक.

बी पेरण्याची सुरुवात कशी करावी?

रंगीत रोपाची शक्यता हातात नसते. जास्त आणि ताजे बी पेरणे, आणि रोज नीट पाहणे, एवढेच हातात असते.

महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्च किंवा पावसाळा संपल्यावर ऑक्टोबर हा काळ सोयीचा. निवडुंगाच्या बहुतेक बियांना २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमान मानवते. कोकोपीट आणि जाडसर वाळू किंवा परलाइट समप्रमाणात मिसळावे. मिश्रणावर उकळते पाणी ओतून किंवा वाफ देऊन ते थंड होऊ द्यावे, म्हणजे बुरशी आणि कीटकांची अंडी कमी होतात. बी वरवर पसरावे, गाडू नये. निवडुंगाच्या अनेक जातींना उगवायला उजेड लागतो.

डबा पारदर्शक झाकणाने किंवा झिपच्या पिशवीने बंद करून खिडकीजवळ ठेवावा. थेट उन्हात ठेवल्यास बंद डब्यात बी अक्षरशः शिजते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये ही चूक फार महागात पडते. उगवण झाल्यावर तीन-चार आठवड्यांनी झाकण हळूहळू उघडत न्यावे. रोपे बुंध्याशी मऊ होऊन आडवी पडू लागली तर ती बुरशी आहे. ती रोपे लगेच काढावीत आणि हवा खेळू द्यावी.

डब्यावर जातीचे नाव, पेरणीची तारीख आणि बी कुठून आणले हे लिहून ठेवावे. रंगीत रोप निघाले तर ते कोणत्या झाडाच्या बियांतून आले, हे नंतर याच चिठ्ठीवरून कळते.

रोप खरेच अल्बिनो आहे का?

घाईने ब्लेड हातात घेण्यापूर्वी ही खात्री करावी. निवडुंगाची कोवळी रोपे जास्त उजेडात लालसर-तपकिरी होतात. त्यांच्यात हरितद्रव्य असते, पण संरक्षणासाठी तयार झालेल्या लाल रंगाखाली ते झाकले जाते. अशा रोपाला आठवडाभर सौम्य उजेडात ठेवले की हिरवा रंग परत दिसू लागतो.

याउलट, अंधारात उगवलेली रोपे फिकट आणि लांबुडकी असतात. त्यांना उजेड मिळाला की एक-दोन दिवसांत ती हिरवी होऊ लागतात. खरे अल्बिनो रोप सावलीतही हिरवे होत नाही आणि उजेडातही होत नाही. त्याच डब्यातल्या, त्याच वयाच्या हिरव्या रोपांशी तुलना करणे हा सर्वांत सोपा मार्ग. भिंगातून पाहिल्यास बुंध्याशी किंवा शेंड्याला हिरवी छटा आहे का, हेही कळते. अगदी थोडी हिरवी छटा असली तरी रोप स्वतःच्या मुळांवर जगण्याची शक्यता राहते. अशा रोपाला कलमाची घाई नको. काही रोपांत पहिल्या दलपत्रांवर दिसणारा पट्टा पुढच्या वाढीत नाहीसा होतो, त्यामुळे नाव ठेवण्याची आणि किंमत लावण्याचीही घाई नको.

पूर्ण रंगहीन असेल तर मात्र थांबण्यात अर्थ नाही. निवडुंगाचे बी बारीक, त्यातली शिदोरी तुटपुंजी. रोप टवटवीत आहे तोवर, उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच कलम करणे शहाणपणाचे. सुरकुतलेले रोप कलमावर क्वचितच धरते.

कलमासाठी खुंट कोणता?

खुंट म्हणजे ज्यावर रोप बसवायचे ते झाड. इवल्या रोपांसाठी दोन पर्याय चांगले. एक, पेरेस्किओप्सिस. हा पानांचा, काडीसारखा वाढणारा निवडुंग मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचा आहे. निवडुंग जोपासणाऱ्यांकडे त्याच्या काड्या मिळतात आणि त्या पटकन मुळे धरतात. त्यावर बसवलेले रोप स्वतःच्या मुळांवरच्या रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढते.

दुसरा पर्याय ड्रॅगन फ्रूट. सांगली, सोलापूर आदी कोरड्या भागांत त्याची लागवड होते. जून २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातील तडसर येथील ड्रॅगन फ्रूट दुबईला निर्यात झाले होते. बारामतीजवळील माळेगावच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेतही या पिकावर काम चालते. छाटणीत निघालेली कांडी तीन-चार आठवड्यांत मुळे धरते. बाजारातून आणलेल्या फळातले काळे बी धुऊन पेरले तरी एक-दोन आठवड्यांत उगवते. काही महिन्यांची ती रोपेही इवल्या रोपांसाठी खुंट म्हणून चालतात.

अर्थात, खुंट आधीच तयार असायला हवा. गुलाबी रोप उगवल्यावर कांडी शोधायला निघाले तर बहुधा उशीर होतो. म्हणून अनुभवी लोक बी पेरतानाच शेजारच्या कुंडीत खुंट लावून ठेवतात.

कलम करायचे कसे?

१. आदल्या दिवशी खुंटाला पाणी द्यावे. तो रसरशीत आणि वाढीला लागलेला हवा.

२. नवे ब्लेड घ्यावे, स्पिरिटने पुसून कोरडे करावे. हातही स्वच्छ हवेत.

३. खुंटाचा शेंडा एका झटक्यात आडवा कापावा. ड्रॅगन फ्रूटच्या जाड कांडीच्या कडा थोड्या तिरक्या उतरवाव्यात, नाहीतर काप वाळताना मधला भाग खाली ओढला जातो आणि जोड सुटतो.

४. रोप मुळाच्या वर आडवे कापावे. काप झाल्यावर वेळ दवडू नये, कारण पृष्ठभाग वाळला की जोड धरत नाही.

५. खुंटाच्या कापावर मध्यभागी रसवाहिन्यांचे वलय दिसते. रोपाच्याही मध्यभागी ते असते. ही दोन वलये कुठेतरी एकमेकांवर आली पाहिजेत. रोप नेमके मधोमध ठेवण्यापेक्षा किंचित सरकवून ठेवल्यास ही गाठ पडण्याची शक्यता वाढते.

६. हलकेच दाबून मधली हवा काढावी. मोहरीएवढे रोप खुंटाच्या रसानेच चिकटून राहते. मोठ्या रोपासाठी कुंडीखालून रबरबँड किंवा दोरा फिरवून हलका दाब द्यावा.

७. वरून पारदर्शक ग्लास झाकून सावलीत ठेवावे. इवल्या रोपांना चार-पाच दिवस, मोठ्यांना आठ-दहा दिवस लागतात. कापावर पाणी पडू देऊ नये.

रोप तुकतुकीत आणि फुगीर दिसू लागले की जोड धरला. सुरकुतले तर नाही. खुंट फेकू नये, थोडा खाली कापून तो पुन्हा वापरता येतो.

यात एक चूक वारंवार होते. खुंट फार आखूड ठेवला जातो किंवा पेरेस्किओप्सिसची सगळी पाने काढली जातात. वरचे रोप आयुष्यभर अन्न बनवणार नाही. खुंटाचा हिरवा भाग हेच त्याचे स्वयंपाकघर. बाजूचे फुटवे काढावेत, पण हिरवे अंग राखावे.

कलम केले की कायमचे जगते का?

नाही. खुंट आणि वरचा भाग यांची वाढ एका वेगाने होत नाही. बहुतेक मून कॅक्टस काही वर्षांतच थकतात. खुंट आतून सडतो किंवा जोड निकामी होतो. मात्र वरच्या गोळ्याला पिल्ले येतात, आणि ती नव्या खुंटावर बसवून तोच वाण पुढे नेता येतो. ८० वर्षांहून अधिक काळ लाल गोळा टिकला तो असाच, खुंट बदलत बदलत.

निवडुंगाबाहेरच्या सक्युलंटचे नियम थोडे वेगळे आहेत. पट्टेरी हावर्थिया किंवा घायपाताला कधी कधी पूर्ण पांढरे पिल्लू येते. आईला चिकटून असेतो ते जगते. हौसेने वेगळे केले की मरते. त्याला तिथेच राहू द्यावे आणि वेगळे करायला हिरवा अंश असलेले पिल्लू निवडावे. अडेनियमच्या बियांतूनही पांढरी रोपे निघतात. त्यांना अडेनियमच्याच हिरव्या रोपावर कलम करता येते. अडेनियमचा चीक विषारी असतो आणि युफोर्बिया गटातल्या निवडुंगांचा चीक डोळ्यांना घातक. या दोन्हींवर काम करताना हातमोजे घालावेत आणि मुले, पाळीव प्राणी यांना दूर ठेवावे.

व्हेरिगेटेड रोपांची निगा वेगळी असते का?

असते. पांढऱ्या भागात प्रखर प्रकाश झेपवणारी रंगद्रव्ये कमी असतात, त्यामुळे तो लवकर भाजतो. हिरव्या भागाला मात्र अन्न बनवायला उजेड हवाच. म्हणून सकाळचे कोवळे ऊन आणि नंतर ३० ते ५० टक्के सावली देणारी शेडनेट, ही बाल्कनीतली सोयीची तडजोड. जागा बदलायची असेल तर आठवडाभरात हळूहळू बदलावी.

अन्न कमी बनते म्हणून वाढ मंद असते, आणि वाढ मंद म्हणून पाण्याची गरजही कमी. शेजारच्या हिरव्या कुंडीला दिले तेवढेच पाणी पट्टेरी कुंडीला दिले तर मुळे सडू शकतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात कुंड्या आडोशाला घेणे आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी देणे हे दोन नियम पाळले तरी बरेच नुकसान टळते. खतही पातळ आणि मोजके द्यावे.

खरेदीत फसवणूक कशी होते?

व्हेरिगेटेड रोपांचे भाव हिरव्या रोपांच्या कित्येक पट असतात. त्यामुळे नकली मालही आहे. निळ्या, जांभळ्या, ‘इंद्रधनुषी’ निवडुंगांच्या बियांची पाकिटे ऑनलाइन दिसतात. त्यांचे फोटो संगणकावर रंगवलेले असतात. अशा रंगांचे निवडुंग त्या बियांतून येत नाही. काही ठिकाणी जिवंत झाडांवर रंगाचा फवारा मारलेला असतो. नवी वाढ हिरवी येते तेव्हा ते उघड होते. निवडुंगावर वाळलेली फुले गोंदाने चिकटवण्याचा प्रकारही जुना आहे. सक्युलंटबाहेर ‘पिंक काँगो’ फिलोडेन्ड्रॉनचे उदाहरण जगभर गाजले. त्याची गुलाबी पाने काही महिन्यांतच हिरवी झाली.

खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. रंग सर्वांत नव्या वाढीतही आहे का? रोप स्वतःच्या मुळांवर आहे की कलमावर? पूर्ण पांढरे रोप ‘मुळासकट’ विकले जात असेल, तर त्याला पोसणार कोण? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल तर पैसे देऊ नयेत.

परदेशातून मागवताना काय लक्षात ठेवावे?

रोपे आणि बिया भारतात आणण्यासाठी २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र लागते. पाकिटावर ‘खेळणी’ लिहून आलेले बी स्वस्त वाटले तरी बेकायदा असते आणि सोबत रोगही आणू शकते.

वन्य प्रजातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स करारात भारत १९७६ पासून आहे. जवळपास संपूर्ण निवडुंग कुळ या कराराच्या यादीत येते. गंमत म्हणजे, ड्रॅगन फ्रूटसारख्या ठरावीक खुंटांवर कलम केलेल्या, कृत्रिमरीत्या वाढवलेल्या रंगीत निवडुंगांना या यादीतून सूट आहे. कारण ते जंगलात सापडूच शकत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांतच ते मरतील.

जंगलातली झाडे मात्र खरोखर चोरीला जातात. २०२० मध्ये इटलीच्या पोलिसांनी हजाराहून अधिक दुर्मीळ निवडुंग जप्त केले. त्यांतील शेकडो झाडे पुढे मूळ भूमीत, चिलीला परत पाठवण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील छोट्या कोनोफायटमचीही मोठ्या प्रमाणावर तस्करी होते. हौशी माणूस घरी बी पेरतो तेव्हा त्याच्या छंदापायी कुठल्या वाळवंटातले जुने झाड उपटले जात नाही.

मग रंगीत रोप निघाले तर काय करावे?

फोटो काढावा, तारीख लिहावी, सावलीत ठेवून तुलना करावी. हिरवी छटा असेल तर वाट पाहावी. नसेल तर आठवड्याच्या आत कलम करावे. एकच रोप असेल तर पहिला प्रयोग त्याच्यावर करू नये. त्याच डब्यातल्या दोन-तीन हिरव्या रोपांवर आधी हात बसवावा आणि मग गुलाबी रोपाला ब्लेड लावावे.

एवढे करूनही ते जाऊ शकते. मोहरीएवढ्या रोपाचे कलम अनुभवी हातांकडूनही फसते. पण न केलेल्या कलमाचा निकाल ठरलेला असतो. आणि ड्रॅगन फ्रूटची एक कांडी कुंडीत रुजवून ठेवायला काहीच खर्च येत नाही. पुढचा ट्रे पेरण्याआधी तेवढी तयारी करता येईल.